टेक्सासच्या शाळेत पेन्शनची वर्षं विकत घ्यावीत का? किती पडतात?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर लागेल. वय ३९, सांगलीकडे अनुदानित शाळेत ११ वर्षं नोकरी. मिस्टरांचं काम आधी दोन वर्षं न्यू जर्सीत, मग डॅलसला. तुम्हाला दोन्हीकडे शाळेत नोकरी करायची आहे आणि कुणीतरी सांगितलंय की टेक्सासच्या पेन्शनमध्ये मागची वर्षं पैसे भरून जोडता येतात. तर सांगलीची वर्षं जोडता येतील का, न्यू जर्सीची जोडावीत का, आणि खर्च कसा काढायचा? मीही न्यू जर्सीत शिकवून मग टेक्सासला आले, त्यामुळे या हिशेबातून गेले आहे.

सांगलीचं आधी उरकते. नाही जोडता येत. टीचर रिटायरमेंट सिस्टम ऑफ टेक्सास, म्हणजे टीआरएस, बाहेरची म्हणून जी वर्षं घेते ती अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यांच्या सरकारी शाळांतली. भारतातली नोकरी त्यात बसत नाही. कुणी फी घेऊन 'इंडियन सर्व्हिस ट्रान्सफर' करून देतो म्हणत असेल तर त्याला लांबूनच नमस्कार करा. तुमच्या ११ वर्षांचा उपयोग पगाराच्या पायरीत होऊ शकतो. काही डिस्ट्रिक्ट (इथे शाळा चालवणारी स्थानिक मंडळं) परदेशातला अनुभव धरतात, म्हणून ती सर्व्हिस प्रमाणित करून जरूर आणा. पण पगाराची पायरी वेगळी आणि पेन्शन वेगळं.

आता पेन्शन कसं बनतं ते. टीआरएसमध्ये फक्त शिक्षक नसतात. बस ड्रायव्हर, कॅफेटेरियातल्या बायका, ऑफिसातले क्लार्क, वर्गातले मदतनीस, सगळे त्यातच. पगारातून ८.२५% कापले जातात. सर्वात जास्त पगाराच्या पाच वर्षांची सरासरी, गुणिले नोकरीची वर्षं, गुणिले २.३%. एवढंच सूत्र. सरासरी ६०,००० डॉलर आणि नोकरी २४ वर्षं असेल तर ५५.२%, म्हणजे वर्षाला ३३,१२० आणि महिन्याला २,७६० डॉलर. वर्षाचं क्रेडिट मिळायला शालेय वर्षात ९० दिवस भरावे लागतात, आणि हक्क पक्का व्हायला पाच वर्षं. पाचच्या आत सोडलंत तर स्वतःचे कापलेले पैसे आणि त्यावर वर्षाला २% व्याज, बस्स.

म्हणजे विकत घेतलेल्या एका वर्षाची किंमत तुमच्या दृष्टीने काय? ६०,००० च्या सरासरीवर २.३%, म्हणजे वर्षाला १,३८० डॉलर, महिन्याला ११५, मरेपर्यंत. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा, कारण पुढचं सगळं गणित याच्याभोवती फिरतं.

आता खर्चाची बाजू. बहुतेकांची समजूत अशी असते की एका वर्षाचे ८.२५% भरले की झालं, ६०,००० वर साधारण ४,९५०. तसं अजिबात नाही. दुसऱ्या राज्यातलं वर्ष घ्यायचं तर त्या जादा पेन्शनचं आजचं पूर्ण मूल्य तुम्ही एकट्याने भरायचं. तुमची कपात, राज्याचा वाटा, आणि मधल्या काळात फंडाने कमावलं असतं ते, सगळं त्यात आलं. यालाच ॲक्चुअरियल कॉस्ट म्हणतात. ती ठरते तुमचं आजचं वय, आजचा पगार आणि आजवरची टेक्सासची वर्षं यांवर. सोन्यासारखं आहे: त्या वर्षी तुमचा पगार किती होता याला काही अर्थ नाही, घ्यायचं ते आजच्या भावाने. माझ्या खर्चाचा आकडा सांगणारं टीआरएसचं पत्र आलं तेव्हा आमच्या घरातून पहिली प्रतिक्रिया होती, "एक शून्य जास्त पडलंय का?" नव्हतं पडलेलं.

अटीही आहेत. टेक्सासची स्वतःची पाच वर्षं झाल्याशिवाय बाहेरचं वर्ष घेता येत नाही. त्यानंतर टेक्सासच्या एका वर्षामागे बाहेरचं एक, आणि जास्तीत जास्त १५. तुम्ही ४१ व्या वर्षी डॅलसला सुरुवात केलीत तर ४६ पर्यंत हा विषय उघडणारच नाही.

मग घ्यावं की नाही, हे असं तपासा. समजा, तेव्हा न्यू जर्सीच्या दोन वर्षांसाठी पत्रात ३०,००० डॉलर आले. (आकडा उदाहरणादाखल आहे. तुमचा आकडा टीआरएसच्या पत्रातूनच येईल. दुसऱ्याच्या आकड्यावरून अंदाज बांधू नका, कारण वय-पगार वेगळा.) दोन वर्षांनी पेन्शन वाढणार वर्षाला २,७६०. ३०,००० भागिले २,७६०, म्हणजे जवळपास अकरा वर्षं. ६२ ला निवृत्त झालात तर ७३ व्या वर्षी पैसे वसूल. इथपर्यंत सगळे करतात आणि खूश होतात.

पण ते ३०,००० तुम्ही ५२ व्या वर्षी भरले असतील, तर मधली दहा वर्षं ते कुठेतरी वाढले असते. ५% धरलं तरी ६२ ला ते ४८,८०० च्या पुढे जातात. आता भागा २,७६० ने: साडेसतरा वर्षांच्या वर. वसुली ऐंशीच्या घरात गेली. शिवाय टेक्सासच्या पेन्शनला महागाईची आपोआप वाढ नाही. आपल्याकडच्या महागाई भत्त्याची सवय असलेल्यांना हे पटकन लक्षात येत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मंजुरी दिल्यावर २०२४ च्या जानेवारीत जुन्या पेन्शनरांना २ ते ६% वाढ मिळाली, पण ती एकदाची. पुढची कधी, ते राजधानीत, ऑस्टिनला, विधिमंडळ ठरवणार. महिन्याचे २३० डॉलर वीस वर्षांनी २३०च राहिले आणि महागाई ३% असली, तर त्यांची किंमत आजच्या सव्वाशेच्या आसपास उरते.

लवकर घेण्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. किंमत आजच्या पगारावरून निघते, त्यात पुढची काही वाढ गृहीत धरलेली असते. पेन्शन मात्र शेवटी प्रत्यक्ष सर्वाधिक पगारावर मिळतं. म्हणजे तुम्ही पुढे असिस्टंट प्रिन्सिपल वगैरे होणार असाल आणि पगार त्या गृहीतकापेक्षा जास्त वाढणार असेल, तर लवकर घेतलेलं वर्ष स्वस्त पडतं. वर्गातच राहणार असाल तर हा फायदा फारसा नाही.

वर्षं विकत घेण्याचं दुसरं कारण असतं पात्रता, आणि माझ्या मते पैसे खर्च करण्यासारखं तेवढंच कारण आहे. आता नव्याने लागणाऱ्यांना पूर्ण पेन्शन दोन वाटांनी मिळतं: ६५ वय आणि पाच वर्षं नोकरी, किंवा किमान ६२ वय आणि वय अधिक नोकरी ८०. याला इथे रूल ऑफ ८० म्हणतात. त्याआधी गेलात तर कायमची कात्री. या नियमातली मेख बघा. एक वर्ष नोकरी केली की वय एकने वाढतं आणि सर्व्हिसही एकने, म्हणजे दोन गुण. विकत घेतलेल्या वर्षाने फक्त एक. कुणी ४६ व्या वर्षी लागली, तर ६२ ला तिचे ६२ अधिक १६, ७८. ती दोन वर्षं विकत घेऊन ६२ ला सुटू शकते, किंवा फक्त एक वर्ष जास्त काम करून ६३ अधिक १७, बरोबर ८०. दोन वर्षांच्या किमतीत तिने खरेदी केली ती एका वर्षाची सुट्टी. तब्येत किंवा घरचं काही असेल तर ती मोलाची असू शकते, पण काय विकत घेतोय हे माहीत असावं.

तुमचं गणित तर अजून सोपं. ४१ ला टेक्सासमध्ये लागलात तर ६२ ला २१ वर्षं, बेरीज ८३. पात्रतेसाठी तुम्हाला एकही वर्ष विकत घ्यायची गरज नाही. राहतो तो निव्वळ पैशांचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर वर दिलं. मी तुमच्या जागी असते तर तेच पैसे शाळेच्या ४०३-बी खात्यात, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात, टाकले असते. ते खातं माझ्या नावावर राहतं आणि माझ्यानंतर मुलांना जातं. पेन्शन साध्या पर्यायाने घेतलं तर माझ्याबरोबर थांबतं, आणि जोडीदारासाठी चालू ठेवायचं तर माझी रक्कम कमी होते.

आरोग्य विम्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. निवृत्तांच्या टीआरएस-केअर विम्याला स्वतःची दहा वर्षं लागतात, आणि त्या दहात दुसऱ्या राज्यातून विकत घेतलेली वर्षं धरत नाहीत. पेन्शनला ८० झाले म्हणून विमाही मिळेल असं गृहीत धरून ६२ ला राजीनामा टाकू नका.

न्यू जर्सीत लागलात तर तिथल्या शिक्षक फंडात पगाराच्या ७.५% जातील आणि हक्क पक्का व्हायला तिथे दहा वर्षं लागतात. दोन वर्षांत निघाल्यावर ते पैसे हातात चेकने घेऊ नका. हातात घेतले की २०% कर तिथेच कापतात आणि साडेएकोणसाठच्या आत असाल तर वर १० टक्के दंड. ट्रॅडिशनल आयआरए, म्हणजे स्वतःच्या नावाचं निवृत्ती बचत खातं, उघडून थेट तिकडे वळवा. पुढे टेक्सासची वर्षं घ्यायची ठरलीच, तर त्याच आयआरएतून टीआरएसला पैसे कर न भरता देता येतात. रॉथ आयआरएतून, म्हणजे आधीच कर भरलेल्या पैशांच्या खात्यातून, नाही. आणि न्यू जर्सी सोडण्याआधी पगाराच्या पावत्या, नेमणूकपत्रं आणि हजेरीचे दिवस दाखवणारं पत्र काढून ठेवा. टीआरएसच्या फॉर्मवर त्या जुन्या डिस्ट्रिक्टनेच सही करून द्यावी लागते. माझ्या जुन्या डिस्ट्रिक्टने मधे पेरोलचं सॉफ्टवेअर बदललं होतं आणि माझं पहिलं वर्ष त्यांच्या रेकॉर्डमध्ये सापडेचना; शेवटी माझ्याच फाइलमधल्या पावत्या त्यांना स्कॅन करून पाठवल्या तेव्हा सही झाली.

टेक्सासमध्ये सुरुवातीला सबस्टिट्यूट, म्हणजे बदली शिक्षक, म्हणून काम केलंत तर दिवस मोजत जा. एका शालेय वर्षात ९० दिवस भरले तर ते वर्ष क्रेडिटसाठी घेता येतं, पण ते शाळेकडून मुदतीत प्रमाणित करून घ्यावं लागतं, म्हणून वर्ष संपताच मागे लागा. आणि मधेच नोकरी सुटली तरी टीआरएसमधले पैसे काढू नका. काढून परत यायचं झालं तर मूळ रकमेवर वर्षाला ८% चक्रवाढ भरावी लागते. आज काढलेले १५,००० दहा वर्षांनी परत भरायला ३२,४०० च्या जवळ लागतील.

सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या पेन्शनचंही विचारलंत. न्यू जर्सीच्या शाळेत ती कापली जाते, टेक्सासच्या बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये नाही. ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोसारखे मोजके अपवाद. स्वतःच्या हक्काला ४० क्रेडिट, म्हणजे दहा वर्षं लागतात, आणि भारताशी अमेरिकेचा तसा करार नसल्याने सांगलीची वर्षं इथेही उपयोगाची नाहीत. दिलासा एवढाच की मिस्टरांच्या सोशल सिक्युरिटीतून पत्नीला मिळणारा भाग पूर्वी टेक्सासच्या पेन्शनमुळे कापला जायचा, तो नियम ५ जानेवारी २०२५ च्या कायद्याने रद्द झाला. जुने लेख वाचून घाबरू नका.

सांगलीच्या नोकरीचा राजीनामा लगेच देऊ नका, आधी बिनपगारी रजा मिळते का बघा. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलात, म्हणजे जुनं पेन्शन नाही, एनपीएस आहे. ते खातं अनिवासी झाल्यावरही चालू ठेवता येतं. विमानाच्या तिकिटासाठी ते मोडायचा विचार लिहिलाय तुम्ही, तो तेवढा सोडून द्या.