विचारा ताईला : हप्त्याचा मंगळवार

प्रश्न : ताई नमस्कार, मी जळगावला एमआयडीसीजवळच्या वस्तीत राहते, वय २४, माय चटईच्या कंपनीत जाते आणि मी घरीच फॉल-पिको करते. आमच्या गल्लीत जवळपास प्रत्येक घरात फायनान्सवाल्यांचं ग्रुप लोन आहे, कोणाकडे दोन, कोणाकडे तीन. मंगळवारी मीटिंग असते, एकीचा हप्ता चुकला की वसुलीवाला उठत नाही आणि बाकीच्यांना भरावं लागतं. ह्यावरून आमच्या समोरच्या दोन काकू, ज्या वीस वर्षं एकमेकींकडे पापड लाटायला जायच्या, त्या आता बोलत नाहीत. मला गल्लीसाठी काहीतरी करायचंय, बचत गट काढू का? पण आधी एक गट होता, तो अध्यक्षबाईंनी पैसे वापरले म्हणून फुटला, आता गटाचं नाव काढलं तरी बायका तोंड फिरवतात.

उत्तर : बेटा, तुझं पत्र दोनदा वाचलं. पापडाची गोष्ट मनाला लागली, कारण उडदाचे पापड काही एकटीने होत नाहीत, आज हिच्या घरी उद्या तिच्या घरी असं करत करत उन्हाळा निघतो, आणि अडीअडचणीला धावून येणाऱ्या बायकाही त्याच असतात. हप्त्याने नेमकं तेच तोडलंय. म्हणून तू जे काही करशील ते आधी ह्या बायकांना परत एका चटईवर बसवण्यासाठी कर.

गट काढायच्या आधी एक वही घे. दुपारी कामं आटोपली की घरोघरी बस आणि लिही, कर्ज कोणाचं, किती, हप्ता किती, अजून किती राहिलेत, आणि मुख्य म्हणजे घेतलं कशासाठी होतं. बऱ्याच जणींना आपण एकूण किती भरतोय हे माहीतच नसतं, कारण एक हप्ता मंगळवारी, एक पंधरा दिवसांनी, एक महिन्याला. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना जे विनातारण मायक्रोफायनान्स कर्ज देतात, त्याचे नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नवीन केलेत, त्यात असं आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नको. म्हणजे घरात १२ हजार येत असतील तर हप्ते ६ हजारांच्या आत. तुमच्याकडे त्याच्या वर जात असतील तर दोष एकट्या बाईचा नाही, देणाऱ्याने पण बघून द्यायला पाहिजे होतं, हे त्या बायकांना मोठ्याने सांग, कारण त्या स्वतःलाच दोष देत बसतात.

वसुलीचेही नियम आहेत. ठरलेल्या जागीच वसुली करायची, बाई लागोपाठ दोनदा तिथे आली नाही तरच घरी यायचं, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही, शिव्या नाहीत, नातेवाइकांना त्रास नाही. कोणी दारात बसून राहत असेल तर कंपनीला लेखी तक्रार द्या, पोच घ्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ ह्या नंबरवर फोन करा. पण हप्ते भरूच नका असं मी सांगणार नाही, सिबिल, म्हणजे कर्ज वेळेवर फेडल्याची नोंद, खराब झालं की पुढे बँकेचं दार बंद होतं. जुनं फेडायला नवीन उचलायचं, हे मात्र आजपासून बंद. आणि कोणी सावकाराकडून शेकडा १० रुपये महिन्याने घेतले असतील तर तिला हिशोब करून दाखव, ते वर्षाला १२० टक्के होतात. आपल्या राज्यात २०१४ च्या कायद्याने सावकाराला लायसन्स लागतं आणि शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्ज दिलं तर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था ह्यांच्याकडे करायची, तिथे एकटीने जाऊ नका, चौघी जा.

आता गट. फायनान्सचा ग्रुप आणि बचत गट ह्यात फरक एवढाच की तिथे आधी कर्ज मिळतं, इथे आधी बचत करायची. बारा जणींनी आठवड्याला ५० रुपये टाकले तर ६०० होतात, वर्षाचे ३१,२००. एवढ्यात कोणाचं घर बांधून होत नाही, मान्य, पण तुझ्या वहीतला शेवटचा रकाना वाच. पोराला डेंग्यू झाला, शाळेची फी होती, मयतीला गावी जायचं होतं. गरज पाच हजारांची होती आणि उचलले चाळीस, कारण समोरून तेवढेच मिळत होते. ते पाच हजार गल्लीतच मिळायला लागले तर मंगळवार आपोआप हलका होतो, आणि व्याज पण गटातच राहतं.

जुना गट का फुटला ते नीट बघ. मी धुळ्याकडे गटांचं काम करायचे तेव्हा जे गट फुटले त्यात बहुतेक वेळा पेटी, किल्ली आणि वही एकाच बाईकडे असायची. बाई वाईटच असते असं नाही गं, तिच्या घरी पण अडचण येते आणि पैसे समोर असतात. म्हणून पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. दर मीटिंगला वही मोठ्याने वाचायची, ज्यांना वाचता येत नाही त्यांना तर जास्तच ऐकायचं असतं, आमच्या एका गटात एक आजी दर वेळी विचारायच्या, “पैसा कथा गयात?” म्हणजे पैसे कुठे गेले, आणि हिशोब सांगितल्याशिवाय चहा होऊ द्यायच्या नाहीत, तो गट टिकला. बँक खातं दोघींच्या सहीचं ठेवा, अध्यक्ष दरवर्षी बदला.

सुरुवातीला गट म्हणूच नको, भिशी म्हण, भिशीवर बायकांचा विश्वास असतो. बँकेच्या कर्जामागे लगेच धावू नका. नाबार्ड ह्या ग्रामीण विकासाच्या बँकेने १९९२ पासून गटांना बँकेशी जोडायचं काम चालवलंय आणि माविम, म्हणजे सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ, तर १९७५ पासून आहे, ते कुठे जात नाहीत, निदान सहा महिने आपसातली देवघेव नीट चालू द्या. आणि त्या दोन काकूंपैकी एकीकडे पेटी दे आणि दुसरीकडे किल्ली. मग दर आठवड्याला एकमेकींच्या दारात जावंच लागेल.

प्रश्न : मी एसटीतून रिटायर झालो, धुळ्याला राहतो. शेजारच्या झोपडपट्टीतल्या मुलांना दोन वर्षं दप्तरं-वह्या वाटल्या. फोटोला सगळे येतात, अभ्यासाला बोलावलं की कोणी येत नाही. काय चुकतंय?

उत्तर : भाऊ, तुमची तळमळ खरी आहे, पण दप्तर पाहिजे असं तुम्ही ठरवलं, त्यांना विचारलं नाही. एकदा रात्री आठला तिथे जाऊन बघा, दहा बाय बाराच्या खोलीत चूल, टीव्ही, आजारी आजोबा आणि चार पोरं, वही उघडायची कुठे? त्यांना जागा पाहिजे. समाजमंदिर असेल तर रोज ६ ते ९ उघडं ठेवा, दोन ट्यूब आणि पंखा, आणि तुम्ही तिथे पेपर वाचत बसा. शिकवायची घाई करू नका. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला होते, छात्रालयात मुलांची अंथरुणं, खोल्या स्वतः आवरून ठेवायचे, मुलं त्यांच्याजवळ आली ती आधी त्या मायेमुळे. मुलींसाठी दोन गोष्टी बघाच, जवळ वापरता येईल असं टॉयलेट आहे का, आणि नऊला घरी सोडायला कोण आहे. नाहीतर मुली दुसऱ्या आठवड्यापासून दिसणार नाहीत, आणि त्यांच्या आयांचं ते चुकणार पण नाही.

प्रश्न : मिस्टर भुसावळला गवंड्याच्या हाताखाली आहेत. बांधकाम कामगार कार्डासाठी एजंट २ हजार मागतो, देऊ का?

उत्तर : नका देऊ. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला, हे मुख्य. दाखला ठेकेदार देतो, तो टाळत असेल तर नगरपालिकेत विचारा. बाकी आधार, फोटो वगैरे. दरवर्षी रिन्यू करायचं, नाहीतर कार्डावर मिळणारी मुलांची स्कॉलरशिप अडकते. आणि ताई, पत्रात तुम्ही खाली लिहिलंय की तुम्ही पण त्यांच्यासोबत विटा-वाळू वाहायला जाता. मग फॉर्म दोन भरा, एक तुमच्या नावाचा.