नारिंगी दिवा दिसला म्हणून स्पॅनिंग ट्री बंद करू नका

प्रश्न: आमच्या ऑफिसात तीन मॅनेज्ड स्विच आहेत, एक सर्व्हरपाशी, एक अकाउंट्सला, एक खाली गोडाऊनला. एखादी केबल तुटली तरी काम अडू नये म्हणून तिन्ही एकमेकांना जोडलेत. पण गोडाऊनच्या स्विचवर एका पोर्टचा दिवा कायम नारिंगी, डेटाच जात नाही, केबल बदलली तरी तेच. आणि सकाळी पीसी लावला की अर्धा मिनिट आयपी मिळत नाही. एक मित्र म्हणतो स्पॅनिंग ट्री बंद कर, दोन्ही कटकटी जातील. करू का?
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: अजिबात नको. स्पॅनिंग ट्री म्हणजे जोडणीत गोल रस्ता (लूप) झाला की त्यातला एक पोर्ट रोखून धरणारी स्विचमधली सोय. मित्राचं ऐकलंत तर पाच मिनिटांत सगळं ऑफिस बंद पडेल, आणि का बंद पडलं ते कोणालाच कळणार नाही. आयपी पॅकेटला टीटीएल (किती टप्पे जगायचं त्याचा आकडा) असतो, फिरून फिरून ते शेवटी मरतं, पण स्विच डेटा ज्या पाकिटात पाठवतो त्या इथरनेटच्या फ्रेमला तसलं काहीच नसतं, त्यामुळे तुमच्या त्या त्रिकोणात एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठी सोडलेला निरोप) शिरला की तो गोल गोल फिरतच राहतो, त्यात दुसरा येतो, तिसरा येतो, आणि सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागतात. हे होऊ नये म्हणूनच रेडिया पर्लमन बाईंनी १९८५ मध्ये डेक या कॉम्प्युटर कंपनीत असताना हा प्रोटोकॉल बनवला. तुमचा नारिंगी पोर्ट म्हणजे राखीव रस्ता आहे, बिघाड नाही.

आता तो पोर्ट जरा नीट बघू, कारण त्यावरून बरंच कळतं. स्विच आपसात एक रूट (मुख्य स्विच, बाकीचे त्याच्याकडे जायचा जवळचा रस्ता चालू ठेवतात) निवडतात, प्रायॉरिटीचा आकडा सगळ्यात कमी असेल तो रूट. फॅक्टरीतून सगळे ३२७६८ वर येतात, म्हणजे बरोबरी, मग ज्याचा मॅक अ‍ॅड्रेस (कारखान्यातून आलेला हार्डवेअरचा नंबर) लहान तो जिंकतो. एकाच कंपनीचे स्विच असतील तर बऱ्याचदा सगळ्यात जुना डबाच रूट होऊन बसतो! रूटचा पोर्ट सहसा ब्लॉक होत नाही, म्हणजे गोडाऊनवाला रूट नाही. तिन्ही केबल एकाच स्पीडच्या असतील आणि नारिंगी पोर्टची केबल अकाउंट्सकडे जात असेल तर रूट सर्व्हरवाला, छान. पण ती सर्व्हरकडे जात असेल तर रूट अकाउंट्सवाला, आणि गोडाऊनचं प्रत्येक बिल उगाच अकाउंट्समधून वळसा घालून जातंय.

म्हणून निवड नशिबावर सोडू नका. सर्व्हरवाल्याला प्रायॉरिटी ४०९६ द्या, अकाउंट्सवाल्याला ८१९२, तिसरा आहे तसा राहू दे. आकडा ४०९६ च्या पटीतच घ्यावा लागतो. सिस्को कंपनीच्या स्विचवर व्हीलॅन (एकाच स्विचमधलं वेगळं आभासी नेटवर्क) १ ला ३२७६९ दिसलं तर दचकू नका, त्यात व्हीलॅनचा नंबर मिळवलेला असतो.

सकाळचा अर्धा मिनिट म्हणजे लिसनिंगचे १५ आणि लर्निंगचे १५ सेकंद, डेटा सोडण्याआधी पोर्ट तेवढा वेळ अंदाज घेत थांबतो. स्पॅनिंग ट्रीचा मोड रॅपिड करा, तो २००१ पासून आहे, जुन्यात केबल तुटल्यावर रस्ता बदलायला ५० सेकंदही जातात, यात बहुतेकदा क्षणात होतं. पण नुसतं रॅपिड करून पीसीचा उशीर जात नाही हां, त्यासाठी पीसीच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच चालू करणारं सेटिंग) लावावं लागतं, काही कंपन्या त्याला एज पोर्ट म्हणतात. दोन स्विचमधल्या पोर्टवर मात्र चुकूनही नको. आणि सोबत बीपीडीयू गार्ड लावाच (बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे निरोप, ते पीसीच्या पोर्टवर आले की हा पोर्ट बंद करतो), कोणी टेबलाखालच्या छोट्या स्विचच्या दोन केबल भिंतीतल्या सॉकेटात खुपसल्या (खुपसतातच!) तर तो पोर्ट आपोआप बंद होतो, लूप काढून पोर्ट बंद-चालू केला की झालं.

हे सगळं चिल्लर वाटत असेल तर सांगतो, नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस हॉस्पिटलचं नेटवर्क स्पॅनिंग ट्रीच्या गोंधळानेच कोलमडलं होतं आणि काही दिवस सगळा कारभार कागदावर चालवावा लागला होता.

प्रश्न: दोन स्विचमध्ये दोन केबल टाकल्या तर स्पीड डबल होईल?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: नुसत्या टाकल्या तर नाही, स्पॅनिंग ट्री एक ब्लॉक करणार. दोन्ही बाजूंना एलएसीपी (केबल एकत्र बांधणारं सेटिंग) लावा, मग दोन्ही मिळून एकच लिंक धरली जाते. तरी एक मोठी फाइल कॉपी करताना स्पीड एकाच केबलचा मिळेल, फायदा बरेच जण एकदम काम करत असले की दिसतो. आणि आधी सेटिंग करा, दुसरी केबल नंतर खुपसा.