25 वर्षं जुन्या आरपीजी गेम्सवर लोकांचा अजून एवढा जीव का?

तुमचं म्हणणं असं की प्लेनस्केप टॉर्मेंटसारख्या आरपीजीमध्ये (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपण एक पात्र होऊन खेळायचा गेम) ग्राफिक्स जुनाट, मारामारी कंटाळवाणी, सारखं वाचत बसायचं, आणि तरीही लोक त्याच्याबद्दल बोलताना एवढे हळवे होतात, तर हा सगळा नॉस्टॅल्जियाच आहे ना? माझ्यापुरतं तरी नाही. हा गेम डिसेंबर 1999 मध्ये आला तेव्हा आमच्या घरात कॉम्प्युटरच नव्हता. 2010 मध्ये तो गॉगवर (जुने गेम विकणारी वेबसाइट) डाउनलोडला आला आणि त्यानंतर कधीतरी मी खेळलो, तोवर नोकरीला लागलो होतो, स्कायरिमसारखा चकचकीत गेम खेळून झाला होता, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्या, चुलतभावांबरोबरची भांडणं असलं काही त्याला चिकटलेलं नाही. पहिल्यांदा चालू केला तेव्हा ते 640 बाय 480 चं चित्र बघून मी जवळजवळ बंदच करणार होतो.

थांबलो ते मॉर्टमुळे. (इथून पुढे स्पॉयलर आहेत, खेळायचा असेल तर हा आणि पुढचे तीन परिच्छेद सोडा.) सुरुवात शवागारात होते, तुम्ही टेबलावरून उठता, नाव आठवत नाही, अंगभर व्रण, आणि एक तरंगणारी कवटी येऊन बडबड सुरू करते, तोच मॉर्ट. तुमच्या पाठीवर कुणीतरी सूचना गोंदवून ठेवल्यात त्या तो वाचून दाखवतो, डायरी शोध, फॅरॉडला शोध, कोण आहेस ते कुणाला सांगू नकोस वगैरे. बऱ्याच नंतर कळतं की शेवटची एक ओळ त्याने वाचलीच नव्हती, आणि ती होती "कवटीवर विश्वास ठेवू नकोस". तोपर्यंत तुमचं त्याच्याशी चांगलं जमलेलं असतं, त्यामुळे राग येतो पण त्याला सोडवत नाही. हे एवढंसं काम करायला ग्राफिक्स कार्ड काय करणार, सांगा.

पण खरी गोष्ट मरण्याची आहे. बाकी गेममध्ये मेलो की सेव्ह लोड करायचं आणि पुढे चालायचं, आपण त्याचा विचारही करत नाही. इथे हिरो मरतच नाही, पुन्हा उठतो, एका थडग्यात तर पुढे जायला मुद्दाम सापळ्यात पाय टाकून मरावं लागतं, आणि आपण खुशीत, की वा, काय सोय आहे, मेलो तर मेलो. मग खूप उशिरा कळतं की तुम्ही जितक्या वेळा मेलात तितक्या वेळा तुमच्या जागी दुसरं कुणीतरी मेलं, कुठेतरी, काही संबंध नसताना, आणि मघापासून ज्या सावल्या मागे लागल्यात त्या त्यांच्याच. म्हणजे कथा तुम्हाला सांगत होती ते तुम्ही हाताने करत होतात, हिरोने केलं असं म्हणून सुटता येत नाही. मी तो भाग वाचून झाल्यावर गेम बंद केला आणि जेवायला गेलो, पण डोक्यातून काही जाईना.

असंच डॅकॉनचं. हा गिथझेराई नावाच्या जमातीतला एक म्हातारा तलवारबाज, न मागता तुमच्यासोबत येतो, कमी बोलतो, बोलला की वजनदार बोलतो. आपल्याला वाटतं चला, भला माणूस मिळाला. त्याच्याकडे झेर्थिमॉनचं चक्र म्हणून एक दगडी ग्रंथ असतो, तो उघडून तुम्ही त्याच्याकडून शिकता, आणि तुमच्या पात्राचं शहाणपण पुरेसं असेल तर एका टप्प्यावर तुम्हीच गुरूला त्यातला अर्थ सांगायला लागता. मारामारी शून्य, नुसतं बोलणं, तरी अख्ख्या गेममधला सगळ्यात चांगला भाग हाच. आणि मग समजतं की मागच्या एका जन्मात (जन्मच म्हणू, दर वेळी आठवण पुसली जाते) तुम्हीच त्याला तो ग्रंथ दिला होतात, दया म्हणून नाही तर त्याची तलवार हवी होती म्हणून, आणि त्याने तुमच्या मरेपर्यंत सेवा करायची शपथ घेतली. तुम्ही मरत नाही हे त्याला माहीत नव्हतं. डियोनारा नावाच्या मुलीचं तर याहून वाईट, तिचं प्रेम त्याच जुन्या 'तुम्ही'ने निव्वळ वापरायला जोपासलं होतं. सेन्सेट नावाच्या पंथाच्या महालात एका दगडात तिची आठवण साठवलेली आहे, तो हातात घेतला की तिला काय वाटत होतं ते कळतं आणि त्याच वेळी समोरच्या तुमच्या डोक्यात किती थंड हिशोब चालू होता तेही कळतं. दुष्ट खलनायक खूप गेम्समध्ये पाहिलेत, पण तो खलनायक आपणच होतो आणि आता त्याचे हप्ते आपल्याला फेडायचेत, हे मी दुसरीकडे इतकं नीट पाहिलं नाही.

मग रेव्हल नावाची चेटकीण विचारते, माणसाचा स्वभाव कशाने बदलू शकतो? आपल्याकडे तर स्वभावाला औषध नाही म्हणून विषय संपवतात, पण इथे पूर्ण गेम त्या एका प्रश्नावर उभा आहे, आणि गंमत म्हणजे याचं ठरलेलं बरोबर उत्तर नाही. प्रेम, पश्चात्ताप, मृत्यू, काहीही म्हणा, ते तुमचं स्वतःचं असलं की तिला चालतं. म्हणूनच दोन फॅन भेटले की तू काय उत्तर दिलंस इथपासून सुरुवात होते.

आता वाच वाच वाचायचं याबद्दल. या गेममध्ये साधारण 8 लाख शब्द आहेत असं सांगतात, आणि ते शक्य झालं कारण जवळजवळ सगळं लिखितच आहे, आवाज फक्त मोजक्या ठिकाणी. आज मोठ्या गेममध्ये प्रत्येक वाक्य कलाकाराकडून रेकॉर्ड करून घ्यायचं, तोंड हलताना दाखवायचं, त्यामुळे लेखकाला शेवटच्या महिन्यात कथेची एक नवी फांदी सुचली तरी ती घालणं म्हणजे खर्चच खर्च. हा गेम बनवणाऱ्या ब्लॅक आयल स्टुडिओच्या लोकांना (ख्रिस अव्हेलोन मुख्य डिझायनर होता) तशी अडचण कमी होती. बाहुल्या स्क्रीनवर अंगठ्याएवढ्या, चेहरा दिसत नाही, तर समोरचा नजर चुकवतोय, हात थरथरतोय हे सरळ लिहून टाकायचं, बाकीचं आपण मनात रंगवायचं. आणि लिहिणं स्वस्त असल्यामुळे काय काय उद्योग केलेत बघा, कधी कधी उत्तराच्या पर्यायात तेच वाक्य दोनदा असतं, एकापुढे खरं आणि एकापुढे खोटं असं लिहिलेलं. समोरच्याला ऐकू येतं ते सारखंच, फरक फक्त तुम्हाला आणि गेमला माहीत, आणि गेम तो तुमच्या चारित्र्यात धरतो. किंवा कुणी नाव विचारलं की तुम्ही थाप मारून 'अडान' सांगू शकता, आणि पुरेशा लोकांना सांगितलंत तर अडान नावाचा एक माणूस खरंच दारूच्या गुत्त्यात येऊन बसतो! कारण त्या जगात श्रद्धेने वस्तू घडतात. बहुतेकांना हे सापडतही नाही, तरी कुणीतरी बसून लिहिलंय.

दोष? भरपूर. मारामारी खरंच वाईट आहे, बायोवेअर कंपनीचं तेच इन्फिनिटी इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) बाल्डर्स गेट या दुसऱ्या आरपीजीमध्ये किती छान चालतं आणि इथे नुसती गर्दी. मोठे जादूचे मंत्र टाकले की छोटी फिल्म लागते, पहिल्यांदा मजा, नंतर वैताग. शेवटचा एक तृतीयांश घाईत उरकलेला वाटतो, कर्स्ट गावानंतर संवाद आटतात आणि शत्रूच शत्रू. शिवाय गेम जिथे घडतो त्या सिगिल शहराची ती जुन्या लंडनच्या चोरांसारखी बोली, मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला सुरुवातीला घाम फोडते, मी शेजारी डिक्शनरी उघडून ठेवायचो. फॅन लोक हे दोष नाकारतात असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका, सगळ्यात कडक शिव्या तेच घालतात.

आणि मला विचाराल तर प्रेम त्या शिव्यांनंतर जे करतात त्यात दिसतं. गेम तेव्हा बेताचाच विकला गेला, 2003 च्या शेवटी ब्लॅक आयल बंदच पडलं, म्हणजे दुरुस्ती करायला घरमालकच उरला नाही. मग गावातल्या जुन्या देवळाची डागडुजी जशी गावकरी वर्गणी काढून करतात तसं झालं. कुणी वाइडस्क्रीनचा मोड (फॅनने गेममध्ये केलेला बदल) केला, कुणी अडकणारे क्वेस्ट दुरुस्त करणारा फिक्सपॅक काढला, कुणी फायलींमध्ये अर्धवट पडलेले संवाद शोधून परत जोडले, आणि जेमआरबी म्हणून तर इंजिनच मुळापासून पुन्हा लिहायचा प्रकल्प आहे, ओपन सोर्स, फुकट. नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक 2 आणि व्हँपायर ब्लडलाइन्स हे 2004 चे दोन्ही गेम घाईत बाहेर आले होते, तेही आज धड खेळता येतात ते मुख्यतः फॅन्सनी वर्षानुवर्षं केलेल्या पॅचेसमुळे.

ती वर्गणी नंतर खरोखरच्या पैशांतही निघाली. वरून तिरकं दिसणारे असले गेम आता चालत नाहीत असं प्रकाशक कंपन्यांनी धरून टाकलं होतं, तर 2012 मध्ये ब्लॅक आयलमधून निघालेल्या मंडळींच्या ऑब्सिडियनने किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायची वेबसाइट) हात पसरले, सुमारे 40 लाख डॉलर जमले आणि त्यातून 2015 मध्ये पिलर्स ऑफ इटर्निटी आला. 2013 मध्ये टॉर्मेंटचा वारस म्हणून टाइड्स ऑफ न्युमेनेराला जवळपास 42 लाख. तो 2017 मध्ये आला आणि मला ठीकठाकच वाटला, शब्द उदंड, पण वाक्यामागे माणूस कमी. त्यापेक्षा खरा वारस म्हणजे 2019 चा डिस्को एलिसियम, एस्टोनियातल्या लोकांनी केलेला, मारामारीची सिस्टिमच नाही, आणि पुन्हा तेच, आठवण गेलेला माणूस उठतो आणि आपण काय काय करून ठेवलंय ते त्याला लोकांकडून कळत जातं. आणि 2023 मध्ये बाल्डर्स गेट 3 ने तर वर्षातल्या सर्वोत्तम गेमचे मोठे पुरस्कार नेले, त्यात 1998 च्या पहिल्या भागातले साथीदार मिन्स्क आणि जाहीरा दोघंही पुन्हा भेटतात. मिन्स्क समोर आल्यावर माझ्या एका मित्राने रात्री दीड वाजता फोन केला होता, मी झोपलो होतो, तरी राग आला नाही.

तुम्हाला स्वतः बघायचंच असेल तर 2017 ची एन्हान्स्ड एडिशन घ्या, आजच्या स्क्रीनवर नीट दिसते, अक्षरंही मोठी करता येतात. सुरुवातीला पॉइंट वाटताना ताकदीवर उधळू नका, शहाणपण, बुद्धी आणि करिष्मा यांत टाका, नाहीतर निम्मे संवाद दिसणारच नाहीत आणि मग तुमच्या हातात फक्त ती वाईट मारामारी उरेल. डॅकॉनला पार्टीत (सोबतच्या टोळीत) ठेवा आणि दर थोड्या वेळाने त्याच्याशी बोला. वाचायचा मनापासून कंटाळा असेल तर मात्र हट्टाने खेळू नका, बाल्डर्स गेट 2 घ्या, लढाई चांगली आहे, खलनायकाचा आवाज जबरदस्त आहे, आणि मिन्स्कचा हॅमस्टर बू सुद्धा आहे.