आयजीई नॉर्मल, मग अंगावरच्या गांधी खोट्या?

प्रश्न : मुलीला दुसऱ्या प्रयत्नातही ‘नीट’मध्ये ४३८च गुण पडले. मॉक टेस्टच्या आदल्या रात्री हमखास तिच्या अंगावर पित्त उठतं. आयजीईचा (अ‍ॅलर्जीतल्या अँटिबॉडीचा) रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे ढोंगच ना? आता मास्ट पेशी, पेप्टाइड हार्मोन असलं काहीतरी वाचत बसते आणि बी.फार्म. करते म्हणते. तिसऱ्या प्रयत्नासाठी लातूरला ठेवू की कोट्याला? – एक वडील

उत्तर : लातूर नको, कोटाही नको. आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. पत्रात तुम्ही लिहिलंय, वांगं बंद केलं, शेंगदाणे बंद केले, अंडी बंद केली. टेस्ट सिरीज तेवढी चालू ठेवलीत! मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक गांधी उठलेल्या पोरीला ‘नाटकं करू नकोस’ म्हणालात, हे वाचून मला तिच्या गुणांपेक्षा तुमचीच काळजी वाटली.

आयजीई नॉर्मल म्हणजे काहीच नाही, हा समज आधी काढून टाका. त्वचेत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंच्या टोकांजवळ मास्ट पेशी असतात, हिस्टामिन या खाज-सूज आणणाऱ्या रसायनाच्या कणांनी गच्च भरलेल्या. ते कण बाहेर पडायला आयजीई ही एक वाट. दुसरी वाट पेप्टाइडांची, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांची. मज्जातंतूंतून सुटणारं, अवघ्या ११ अमिनो आम्लांचं सबस्टन्स पी मास्ट पेशीवरच्या एमआरजीपीआरएक्स-२ या रिसेप्टरला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, थेट चिकटतं. हिस्टामिन सुटतं, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, खाज येते, गांध फुगते. सोमॅटोस्टॅटिन हे हार्मोनही हेच करू शकतं. ताणात मेंदूतून सुटणारं सीआरएच हे हार्मोन उंदरांच्या त्वचेत टोचल्यावर तिथल्या मास्ट पेशी कण सोडतात, हे १९९८ मध्येच दिसलं होतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं काय होतंय ते डॉक्टर ठरवतील. मी पत्रावरून निदान करणार नाही. पण त्या एका रिपोर्टच्या जोरावर तिला खोटं पाडू नका. ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला तर मात्र तडक हॉस्पिटल.

आता तिचं ‘असलं काहीतरी’. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक किंवा इकॅटिबँट हे पेप्टाइड औषधही याच रिसेप्टरवाटे मास्ट पेशींना चेतवतं, हे २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवलं. नवं औषध असा उपद्रव करेल का, हे तपासणं फार्माकॉलॉजीवाल्यांचं काम. त्याला एमबीबीएस लागत नाही. एमएचटी-सीईटीतून बी.फार्म., मग जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्म., हा रस्ता ठाऊक असलेलाच आहे. पैसा मात्र सावकाश येतो, आणि पीएच.डी.पर्यंत जायचं तर तिशी उजाडते. हे तिलाही स्पष्ट सांगा. रिसेप्टरची नावं वाचून भारावणं वेगळं आणि तोच प्रयोग महिनोन्‌महिने करत राहणं वेगळं.

तिसरा प्रयत्न तिने स्वतःहून मागितला तरच. डॉक्टरांच्या केबिनमध्ये तिला एकटीला जाऊ द्या, तुम्ही बाहेर बसा. आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ दे.