चायना ग्रासमध्ये ब्रोमिन असतं काय?

प्रश्न : ताई, दर उन्हाळ्यात मी इतवारीतून चायना ग्रास आणते न् पोरांसाठी दुधाची जेली करते. यंदा मोठा बीएस्सीला गेला तर म्हणून राहिला, आई हे समुद्रातल्या लाल शेवाळापासून बनते, त्यात ब्रोमिनवाले विषारी केमिकल असतात. आता लहान पोट्टे हातच लावून नाही राहिले! खरं आहे काय हे?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : पोरगा खोटं नाही बोलत, पण शेवाळ चुकलं त्याचं. चायना ग्रास म्हणजे अगार, ते जेलिडियम नाहीतर ग्रॅसिलेरिया या लाल शेवाळांना धुऊन, उकळून, गाळून काढतात आणि ती निव्वळ साखरेच्या रेणूंची लांब साखळी, आपल्याला धड पचतही नाही, फायबरच समजा.

ब्रोमिनची खरी भानगड लॉरेन्शिया, अ‍ॅस्परागॉप्सिस अशा दुसऱ्या लाल शेवाळांत. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 65 मिलिग्रॅम ब्रोमिन असतं, आणि खायला मासे आले तर या बिचाऱ्यांना पळता तर येत नाही, मग तेच ब्रोमिन एन्झाइमने रेणूंना चिकटवून स्वतःला बेचव नाहीतर विषारी करून घेतात. ऑस्ट्रेलियातलं डेलिसिया तर याहून चालू, त्याची फ्युरॅनोन्स नावाची ब्रोमिनवाली रसायनं बॅक्टेरियांचे आपसातले सिग्नलच बिघडवतात म्हणजे अंगावर बुळबुळीत थर जमत नाही. अ‍ॅस्परागॉप्सिसमधलं ब्रोमोफॉर्म हे ब्रोमिनवालं रसायन गाईच्या पोटात मिथेन बनू देत नाही, म्हणून ते थोडंसं चाऱ्यात मिसळायचे प्रयोग चालू आहेत. आणि डायजेनिया या आणखी एका लाल शेवाळातलं कायनिक अ‍ॅसिड, त्यात ब्रोमिन नाही, पण ते जपानात जंतांवर औषध होतं, आता त्यानेच लॅबमध्ये उंदरांना झटके आणून मिरगीचा अभ्यास करतात. हे सगळं नॅचरलच बरं का!

तुमची जेली मात्र बिनधास्त द्या. अगार 35-40 डिग्रीला जमतं पण एकदा जमलं की 85 च्या आसपास गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे आपल्या मे महिन्यातही ताटलीत उभं राहतं, जिलेटिन तर पाणी पाणी होते. फॅनी हेसे या बाईंनी 1881 च्या सुमारास स्वयंपाकातलं हेच अगार जंतूंचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाच्या लॅबसाठी जंतू वाढवायला सुचवलं, तुमच्या बीएस्सीवाल्याच्या पेट्री डिशमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या बशीत, आजही तेच असते, सांगा त्याला.

फक्त चायना ग्रास पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, आणि संत्र्याची जेली करत असाल तर रस गॅस बंद केल्यावरच टाका, आंबटात उकळलं की ती साखळी तुटते न् जेली पातळच राहते.