वाचकांचे प्रश्न : एकच हॉल, दोन उपासना

प्रश्न : ताई, सलाम. मी नेरूळला राहते. आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना रविवारी सकाळी साडेनऊला असते. गेली दोन वर्षं दुपारी १ ते ४ तोच हॉल आम्ही आफ्रिकेतून आलेल्या एका प्रार्थनागटाला भाड्यानं देतो. नायजेरिया, घाना, केनिया अशा देशांतली मुलं-मुली आहेत, थोडे व्यापारीही आहेत. सुरुवातीच्या तक्रारी बारीकसारीक होत्या. ढोल मोठ्यानं वाजतो, पातेली जागच्या जागी नसतात, चारचे साडेचार होतात. मग आमच्या सोसायटीत आफ्रिकन भाडेकरू ठेवायचे नाहीत असा विषय निघाला. हात वर करून कौल घेतला, ठराव वार्षिक सभेत पक्का होणार आहे. आमच्या मंडळीतली तीन कुटुंबं या सोसायटीत राहतात. तिन्ही घरांतून हात वर गेले. त्यातलं एक आमचं. हात यजमानांनी वर केला, मी गप्प बसले. दुपारच्या गटाला हे कळलं आणि त्यांनी आमच्याशी बोलणंच सोडलं.

पाळकसाहेब म्हणतात, सलोखा मेळावा घेऊ. जुनी जाणती माणसं म्हणतात, काळे-गोरे हा अमेरिकेचा रोग, आपला काय संबंध? शिवाय पेपरात ड्रग्जच्या बातम्या येतात त्याचं काय? तरुण संघाची मुलं म्हणतात, जाहीर माफी मागा. महिला मंडळाची सेक्रेटरी म्हणून कार्यक्रम आखायचं माझ्या गळ्यात आलंय. काय करू?
— एक भगिनी, नेरूळ

उत्तर : मेळावा घेऊ नका, हे आधी सांगते. मी एक घेतलेला आहे.

२०१८च्या पावसाळ्यात ठाण्याला आमच्या मंडळीत आम्ही असाच कार्यक्रम केला होता. स्टेजवर बॅनर, पाहुण्यांना गुलाबाची फुलं, मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांची भाषणं, एका मुलाला त्याच्या देशाचा पोशाख घालून गायला लावलं, मग समोसा आणि चहा. दीड तासात आमची माणसं तासभर बोलली. पाहुण्यांच्या वाट्याला आली ती गाण्याची पाच मिनिटं. पुढच्या महिन्यात बोलावलं तेव्हा दोघंच आले. त्यातला एक घानाचा मुलगा, नवी मुंबईत कॉम्प्युटरचं शिकत होता. त्याला स्टेशनपर्यंत सोडायला मी चालत गेले. वाटेत तो इंग्रजीत जे म्हणाला त्याचा अर्थ असा : आंटी, तुम्ही आम्हाला बोलावलंत, पण आम्हाला काही विचारलं नाहीत.

मला फार लागलं ते. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, वर्गात मुलांना बोलतं करणं हेच माझं काम होतं, आणि इथे मी सूत्रसंचालन करत बसले होते.

घरी आल्यावर बायबलमधला मत्तयाचा पाचवा अध्याय काढला. वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. शंभरदा वाचलेला भाग. पण त्यात 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असं म्हटलेलं नाही. दुखावलेला भाऊ तिकडे बसलाय, आणि उठून जायचंय ते ज्याच्यामुळे तो दुखावला त्यानं. आपण नेमकं उलट करतो. दुखावलेल्याला आपल्या हॉलमध्ये बोलावतो, खुर्ची देतो, आणि त्यानं आनंदी दिसावं अशी अपेक्षा करतो.

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही हॉल सोडला. पाच माणसं आमची, पाच त्यांची. शनिवारची संध्याकाळ, दर वेळी वेगळं घर. कधी कळव्याला, कधी चरईत, एकदा त्यांच्या कोपरखैरण्याच्या खोलीवर. बसायला सतरंजी, मधे जेवण. पहिल्या दोन शनिवारी आमच्या बाजूनं फक्त ऐकायचं. एकच नियम होता : 'पण' हा शब्द काढायचा नाही. तो पाळणं किती अवघड जातं, हे त्या खोलीत बसल्याशिवाय कळायचं नाही. आमच्यातले एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, माणूस लाखाचा. पहिल्या अर्ध्या तासात त्यांच्या तोंडून चार वेळा 'पण' निघाला. पाचव्यांदा ते स्वतःच थांबले आणि ओठांवर हात ठेवून बसले.

काय ऐकलं ते थोडंसं सांगते. घानाचा मुलगा चौदा घरं बघून आला होता. फोनवर एजंट गोड बोलायचा, समोर आल्यावर म्हणायचा, कालच गेलं. केनियाची एक मुलगी ठाण्याहून नेरूळला ट्रान्सहार्बर लोकलनं रोज कॉलेजला जायची. ती म्हणाली, सकाळच्या गर्दीत बायका चौथ्या सीटसाठी भांडतात, पण माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. ताई, तुम्ही-आम्ही आयुष्यभर लोकलनं फिरलो. त्या डब्यात रिकाम्या जागेची किंमत काय असते हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आणि ती जागा माणसं उभं राहून रिकामी ठेवत होती.

आता 'अमेरिकेचा रोग' म्हणणाऱ्या तुमच्या वडीलधाऱ्यांबद्दल. रोग तिकडचा खराच, आणि तिथल्या चर्चमध्ये तो चांगला मुरलेला होता. अठराव्या शतकाच्या शेवटी फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये काळे ख्रिस्ती गुडघे टेकून प्रार्थना करत असताना गोऱ्या कारभाऱ्यांनी त्यांना मधेच उठवायला सुरुवात केली. ते उठले आणि बाहेर पडले ते कायमचे. त्यांच्यातल्या रिचर्ड ॲलन यांनी पुढे स्वतंत्र चर्च उभं केलं आणि १८१६ साली काळ्यांचा एक संपूर्ण वेगळा मेथॉडिस्ट पंथच स्थापन झाला. मार्टिन ल्यूथर किंग म्हणत की अमेरिकेत सगळ्यांत जास्त वेगळेपणा पाळला जातो तो रविवारी सकाळी अकरा वाजता. तुमच्या हॉलमध्ये साडेनऊ आणि एक अशा दोन वेळा आहेत. भाषा वेगळी म्हणून दोन उपासना असायला माझी हरकत नाही. दोन्ही उपासनांतली माणसं एकमेकांच्या घरी गेली आहेत का, एवढंच मी विचारते.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट तर तुमच्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा. १८५७ साली तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडपुढे, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ सभेपुढे, प्रश्न आला. काही गोऱ्या सभासदांना काळ्या ख्रिस्ती बांधवांबरोबर एका पंगतीला प्रभुभोजन घ्यायचं नव्हतं. सिनडनं मान्य केलं की शास्त्राप्रमाणे सगळ्यांनी एकत्र असणंच योग्य. तरी 'काहींच्या दुबळेपणामुळे' वेगळी सोय करायला परवानगी दिली. दुबळेपणामुळे दिलेली ती सवलत. १८८१ साली तिचं वेगळं चर्च झालं, आणि १९४८ नंतर वर्णभेद हे सरकारचं धोरण झालं तेव्हा त्याला आधार द्यायला शास्त्री-पंडित चर्चमधूनच पुढे आले. तुमच्या सोसायटीतला ठरावही असाच सुरू झाला असणार. आमच्या मनात काही नाही हो, पण काही सभासदांना त्रास होतो.

आणि रोग फक्त तिकडचा आहे का? माझं माहेर राहुरी तालुक्यातलं. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दोन वस्त्यांतली माणसं एका चर्चमध्ये आली, पण पाणी एका घागरीतलं प्यायला कितीतरी वर्षं गेली. अजूनही स्थळ बघताना 'मूळचे कोणते?' हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो. मी तो ऐकलेला आहे, आणि माझ्या थोरल्याच्या वेळी मी तो विचारलेलाही आहे. तिसऱ्या शनिवारी बोलायची पाळी आमची आली, तेव्हा त्या रेल्वेवाल्या काकांनी लहानपणची गोष्ट सांगितली. गावातल्या हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळी कपबशी बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली असे. चहा प्यायचा, विसळायची, परत कोनाड्यात. सांगताना त्यांचा आवाज गेला. घानाचा मुलगा सगळं ऐकून घेऊन हळूच म्हणाला, अंकल, तुम्हाला हे सगळं माहीत आहे, मग तुम्ही आम्हाला घर का देत नाही?

कुणी काही बोललं नाही. माझा कळव्याला एक वन रूम किचन आहे. २०१६ साली एजंटनं परदेशी विद्यार्थ्याचं विचारलं होतं आणि मी 'फॅमिलीलाच द्यायचंय' म्हणून फोन ठेवला होता. त्या संध्याकाळी मी ते सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना हात थरथरत होते.

तरुण संघाच्या मुलांना माफी हवी आहे, ती त्यांची इच्छा चांगली आहे. फक्त माफीच्या पुढचं पान त्यांना वाचायला द्या. १९९० साली रस्टनबर्गला दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चची मोठी परिषद भरली होती. तिथे विली योंकर नावाच्या डच रिफॉर्म्ड प्राध्यापकांनी उभं राहून वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली, स्वतःची आणि आपल्या चर्चचीही. आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी ती स्वीकारली. पण परिषद तिथे थांबली नाही. जे हिसकावून घेतलं त्याची भरपाई करण्याची गोष्टही तिच्या जाहीरनाम्यात आली, जमिनीसकट. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट लोकांनी १९९५ साली माफी मागितली. त्यांचा संघ १८४५ मध्ये वेगळा झाला होता तोच मुळी गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही या वादातून. माफीला दीडशे वर्षं लागली. तुम्हाला तेवढी थांबायची गरज नाही, तुमची वार्षिक सभा जवळ आली आहे.

ड्रग्जच्या बातम्यांचं विचारलंत. बातम्या खोट्या नसतात. गुन्हा करणाऱ्याला पोलीस पकडतात, पकडावंच. पण आपल्या गावातल्या कुणी चोरी केली म्हणून मुंबईत आपल्याला कुणी खोली नाकारली असती तर आपण काय म्हटलं असतं? काळजी घ्यायची तर सगळ्याच भाडेकरूंची घ्या. लिव्ह अँड लायसन्सचा करार आपल्या राज्यात नोंदवावाच लागतो, तो नोंदवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या. भाडेकरू परदेशी असेल तर तो राहायला आल्यापासून २४ तासांत घरमालकानं सरकारला ऑनलाइन कळवायचं असतं, ते विसरू नका. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत ठेवा. मी हे सगळं केलं. २०१९च्या जूनमध्ये माझी खोली त्या घानाच्या मुलाला आणि त्याच्या मित्राला दिली. लाइटबिलावरून एकदा वाजलं, रात्रीच्या गाण्यांवरून दोनदा. आधीच्या सातारच्या भाडेकरूंशीही नळाच्या वायसरवरून वाजलंच होतं.

एक गोष्ट मात्र आठवल्यावाचून राहवत नाही. केनियाची ती मुलगी मोंबासाकडची. तिच्या भागात फ्रिअरटाउन नावाची जुनी वस्ती आहे. तिला माहीत नव्हतं की त्या वस्तीची मुळं आपल्या नाशिकला आहेत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या आरमारानं गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली, आणि त्यातली बरीच नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, तिथेच सुतारकाम, लोहारकाम शिकली. आफ्रिकेत फिरणारा मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ साली शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा त्यातले नऊ जण त्याच्याबरोबर होते. पुढे तिथलाच जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या मृतदेहासोबत लंडनपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत खांदेकऱ्यांमध्ये होता. नंतर नाशिककडच्या त्या मंडळींना मोंबासाजवळ वसवलं, तेच फ्रिअरटाउन. मुंबईचा गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रिअरचं नाव त्या वस्तीला दिलेलं. मी डीएड नाशिकला केलं, शरणपूर रोडवरून दोन वर्षं पायी गेले, आणि हे मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. ती मुलगी ऐकत राहिली, मग तिनं फोन काढून आईला लावला आणि स्वाहिलीत बराच वेळ काहीतरी सांगितलं. 'नाशिक' एवढा एकच शब्द मला कळला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पाळकसाहेबांना म्हणा, बॅनरचे पैसे वाचवा. आधी तुम्ही आणि त्या तीन घरांतलं कुणीतरी, दुपारच्या गटाच्या पुढाऱ्यांकडे त्यांच्या खोलीवर जा. हॉलमध्ये बोलावू नका. ठरावाचं काय झालं ते तुमच्या तोंडून सांगा, तुम्ही गप्प बसलात तेही सांगा. ते लगेच 'काही हरकत नाही' म्हणाले तर तेवढ्यावर समाधान मानू नका. भीड असते, हॉल तुमचा आहे ना. आठवडाभरानं परत जा. मग शनिवारचं ठरवा, लिहून घेणारं एक माणूस दोन्ही बाजूंचं ठेवा, आणि स्वयंपाक एका घरचा नको, दोन्ही घरचा करा. ढोल आणि पातेल्यांचा विषय चौथ्या शनिवारच्या आधी काढू नका. तो सुटतो. आमच्याकडे कपाटाला दोन किल्ल्या केल्या, तेवढ्यानं सुटला.

यजमानांशी भांडू नका. त्यांना पहिल्या शनिवारी नुसतं ऐकायला बसवा.

वार्षिक सभेनंतर मला पत्र टाका. ठराव पास झाला की नाही ते नाही लिहिलंत तरी चालेल. ठरावाच्या विरोधात हात कुणाकुणाचा वर गेला, आणि त्यात तुमचा होता का, तेवढं कळवा.