युकॉनला निघालायस, तर आधी हे ऐक

कॅनडातल्या युकॉन नदीतून व्हाइटहॉर्स ते डॉसन वल्हवत जायचं म्हणजे साधारण ७०० किलोमीटर. आकडा ऐकून घाबरू नकोस, युकॉनचा प्रवाह बरंचसं काम स्वतःच करतो. खरी परीक्षा लेक लाबार्जची. जवळजवळ ५० किलोमीटर लांब तळं, ओढ जवळपास नाहीच, आणि वारा सुटला की लाटा थेट कॅनूत, म्हणजे वल्ह्याच्या उघड्या अरुंद होडीत. गाइड पहाटे उठवेल, कुरकुर करू नकोस. पाणी आरशासारखं दिसलं तरी काठ सोडून मधून जायचं नाही. ते भर जूनमध्येही इतकं गार असतं, की पडलास तर थोड्याच वेळात बोटं काम करेनाशी होतात. म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवं, बोटीत ठेवून उपयोग नाही.

कयाक (वरून झाकलेली, बसण्यापुरती उघडी होडी) की कॅनू? पहिल्या खेपेला दोघांची कॅनूच घे. सामान भरपूर मावतं, आणि मागे जाणता माणूस बसला की दिशा तो सांभाळतो. कोलाडला राफ्टिंग केलंय म्हणजे वल्हवता येतं असं समजू नकोस. मी समजलो होतो! निघण्याआधी महिनाभर एखाद्या शांत तलावावर सराव कर.

वाटेत फाइव्ह फिंगर रॅपिड्सला, म्हणजे खडकांमधल्या खळाळत्या पाण्यात, उजवीकडची धार पकडायची, बस्स.

मुलूख अस्वलांचा आहे. तंबूत बिस्किटाचा पुडा नको, टूथपेस्टसुद्धा नको. अस्वलांसाठीचा स्प्रे विमानात नेऊ देत नाहीत, तो व्हाइटहॉर्सलाच घे. आणि डोळ्यांवर बांधायला पट्टी ने, जूनमध्ये तिथे धड अंधार पडतच नाही. डास मात्र आपल्या कोकणातल्यांना लाजवतील असे.